धाकट्याचा डबा

४ मार्च, मंगळवार

आज बाबांचा आवाज वाक्याच्या मधोमध गेला.

मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. बाहेरून ‘चष्मेवाले, जरा ये, माझ्या’ एवढं ऐकू आलं आणि पुढे काहीच नाही. म्हटलं, पुढचं टाइप करत असतील. बाबांना वाक्य घोळवायची सवयच आहे. मग खुर्ची फरशीवर घासल्याचा आवाज आला, म्हणून हात न पुसताच धावले, तर बाबांचे ओठ निळे. चहात बुडवलेलं बिस्किट घशात अडकलेलं. पुढे वाकवलं, पाठीत धपाटे घातले, कसंबसं सुटलं. लॅपटॉप मांडीवर काळाठिक्कर पडला होता. वीज कधीची गेली होती आणि त्याच्या पोटातली बॅटरी आता नावालाच उरली आहे.

बाबा तोंड पुसून हसले. मला हसू आलं नाही. भांड्यांपाशी मी आणखी थोडी रेंगाळले असते तर? हा विचार एकदा सुरू झाला की थांबतच नाही. दादाला सांगावं, तर तो परगावी बसून घाबरणार आणि वर मलाच सूचना देणार. म्हणून इथे लिहितेय.

पुढे कधी मीच हे वाचलं तर सगळं आठवावं, म्हणून थोडं मागचंही लिहून ठेवते. बाबा जन्मभर बसच्या आगारात उद्घोषक होते. त्यांच्या आवाजावर गाड्या सुटायच्या. मागच्या वर्षी त्यांची जीभ जड झाली. लोकांना वाटलं, म्हातारा प्यायला लागला. मग डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला आणि बघता बघता आवाज गेलाच. डॉक्टर म्हणाले, "सध्या घशापुरतं आहे. पण त्यांचे हात बघत जा." हात ठणठणीत आहेत. पत्ते पिसताना अजूनही माझ्या डोळ्यांदेखत फसवतात.

दादाचा जुना, वहीएवढा लॅपटॉप आता त्यांचा आवाज झाला आहे. बाबा टाइप करतात, आतला कुणी तरुण ते बोलून दाखवतो. ‘माझ्या जागेवर नवा पोरगा लागलाय, उच्चार कच्चे आहेत, पण शिकेल,’ असं बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि त्याचं नाव धाकटा ठेवलं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, म्हणून मी त्यांची चष्मेवाली. कळांवर मराठी अक्षरं मीच चिकटवली. फोनवर त्यांना जमत नाही. एका बोटाखाली तीन अक्षरं येतात आणि मग फोन सोफ्यावर भिरकावला जातो.

आमच्या भागाचा मोठा ट्रान्सफॉर्मर जळला आहे. नवा बसेपर्यंत वीज पाळीपाळीने येणार. म्हणजे बाबांचा आवाजही पाळीपाळीने.

६ मार्च, गुरुवार

कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. त्याने धाकट्याला उलटासुलटा करून बघितलं. "ताई, ह्याची आतली बॅटरी बनवणंच बंद झालंय. बाहेरून पॅक लावा. वीज गेली की ह्याची वायर जोडायची, बाजूचं बटण दाबायचं. हे चार दिवे दिसतात ना, ते बघून कळतं किती उरलंय."

पॅक विटेसारखा जड निघाला. बटण चांगलंच कडक आहे, अंगठा रुतवावा लागतो. घरी येऊन टेबलावर ठेवला तर बाबांनी लगेच टाइप केलं, ‘धाकट्याचा डबा आला वाटतं. भाजी काय आहे?’

एवढं वजन हातात घेतल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. उलट धडकीच भरली. असला पॅक फुगून पेटला, अशी बातमी कधीतरी वाचली होती. ती नेमकी आजच आठवायची होती! स्टीलच्या ताटात ठेवला, खिडकीच्या पडद्यापासून लांब, बाबांच्या पायापासून लांब. मग वायर पुरेना. शेवटी ताट स्टुलावर आणि स्टूल खुर्चीला लागून, असा तह झाला. दर थोड्या वेळाने जाऊन हात लावून बघते, गरम झालाय का.

येताना एक पितळी घंटाही आणली. धाकटा झोपला असेल तर वाजवायला. बाबा म्हणाले, ‘गळ्यात बांध आणि सोड चरायला.’ घंटा कपाटात गेली.

९ मार्च, रविवार

डबा चालतो! आज दुपारभर वीज नव्हती आणि धाकटा टकाटक बोलत होता.

बाबा तर सुटलेच. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक दोनवरून स्वयंपाकघराकडे जाणारी चष्मेवाली नेहमीप्रमाणे उशिरा सुटत आहे. चहाची वाट बघून कंटाळलेल्या प्रवाशांनी वाहकाशी हुज्जत घालू नये.’ समोरच्या दारातून टेलरकाकूंचं हसू ऐकू आलं. त्यांचं शिलाई मशीन पायाने चालवायचं आहे, त्यामुळे वीज असो-नसो त्या दार उघडं टाकून शिवत बसतात. मी दुकानात असते तेव्हा त्यांचा कान आमच्या घराकडे असतो. त्यांच्याच भरवशावर मी कामाला जाते.

बाबा पुढे आगारातला तो जुना किस्सा सांगायला लागले, चालक खाली उतरलाय आणि गाडी एकटीच निघालीय तो. मी शंभरदा ऐकला आहे. माझं लक्ष दिव्यांकडे. चारातला एक विझला. संध्याकाळपर्यंत वीज आली नाही तर? पुन्हा घशात काही अडकलं तर?

"बाबा, डबा गप्पा मारायला नाही आणलाय," मी म्हटलं. "अडीअडचणीला आहे. कामापुरतं बोलत जा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग टाइप केलं, ‘बरं.’

मी धाकट्याच्या पडद्याचा उजेड कमी केला. टाइप करायचं थांबलं की धाकट्याने लगेच झोपायचं, अशीही सोय केली. आता जिवाला जरा शांतता.

१३ मार्च, गुरुवार

दुकानातून आले तर धाकटा मेलेला. डब्याचे चारही दिवे विझलेले. बाबा मांडीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत बसलेले.

"कधीपासून?" मी विचारलं. विचारल्यावर कळलं, कुणाला विचारतेय.

टेलरकाकू दारात आल्या. "दुपारपासून काही ऐकू आलं नाही गं. मला वाटलं, डोळा लागलाय त्यांचा."

मी तिथेच जमिनीवर बसले. मग डब्याचं बटण दाबलं, तर तीन दिवे ठळक पेटले! म्हणजे पोट भरलेलं आहे आणि डबा उघडत नाही. संपला असता तर समजू शकले असते. हे कसलं? ज्याच्या जिवावर मी बाबांना घरी एकटं सोडते, तो मनात येईल तेव्हा गप्प बसणार?

१४ मार्च, शुक्रवार

डबा घेऊन कॉम्प्युटरवाल्याकडे. त्याने त्याच्या लॅपटॉपला जोडला, त्यावर गाणी लावली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. डबा गुणी बाळासारखा चालत राहिला. "ताई, चालतंय की," म्हणाला. दवाखान्याच्या पायरीवर पोरांचा ताप उतरतो, तसं झालं. मी खोटी ठरून घरी आले.

फोनवर दादा म्हणाला, "तू उगाच टेन्शन घेतेस." त्याला म्हटलं, तू घे थोडं, मी जरा ठेवते खाली.

१७ मार्च, सोमवार

बाबा मात्र अगदी शहाण्यासारखं वागताहेत. सांगितल्याप्रमाणे कामापुरतं बोलतात. ‘हो.’ ‘नको.’ ‘नंतर.’ आज दिवसभरात एवढंच. एकही टोमणा नाही. इतके ऐकतील असं वाटलं नव्हतं.

शब्दकोडं सोडवणं बंद केलंय. कारण विचारलं तर, ‘पेन.’ मी पेन चालवून बघितलं, चांगलं लिहितं. मग लक्षात आलं, नंबर वाढला असणार. चष्म्याच्या दुकानात दिवसभर दुसऱ्यांची भिंगं घासते आणि घरच्या माणसाकडे लक्ष नाही. शनिवारी त्यांचे डोळे तपासायचे.

आणखी एक नवीन खूळ. टेलरकाकूंकडून त्यांनी सगळ्या सदऱ्यांची बटणं काढून टिचबटणं लावून घेतली. म्हातारपणी फॅशन सुचली म्हणायची. मी काकूंना हसत हसत म्हटलं तर त्या हसल्या नाहीत. "तुझं लक्ष आहे ना गं त्यांच्याकडे?" म्हणाल्या. मला रागच आला. माझं दुसरीकडे कुठे लक्ष आहे? दुकानात भिंग चाकाला लावलेलं असतं आणि मला डोळ्यांपुढे ते चार हिरवे दिवे दिसतात. परवा त्या नादात एका गिऱ्हाइकाची काच वाया घालवली.

१९ मार्च, बुधवार

क ही कळ अडकायला लागली आहे. धाकटा म्हणाला, ‘कककककाही नको.’ मी घाबरले, मग हसले. बाबा हसले नाहीत. दुकानातून भिंगं साफ करायचा मऊ ब्रश आणून कळांच्या फटी झाडल्या. मला वाटलं होतं, बिस्किटाचा चुरा निघेल. काहीच निघालं नाही. कळ वरखाली नीट होते. तरी अडकते. आता हेही बिघडणार का?

बाबांनी आज आपण होऊन घंटा मागितली. टाइप नाही केलं, कपाटाकडे मानेने खुणावलं. बॅटरी वाचवतात बिचारे. घंटा त्यांनी खुर्चीच्या डाव्या हातावर, मनगटाखाली ठेवून घेतली. चला, एवढी तरी अक्कल आली, असं म्हणून मी त्यांच्या कपाळाचा पापा घेतला. त्यांनी डोळे मिटले.

२२ मार्च, शनिवार

पुन्हा तेच. आले तर धाकटा मेलेला, डबा झोपलेला, पोटात तीन दिवे शिल्लक. डोळे तपासायचे राहूनच गेले.

आज माझा तोल सुटला. बाबांना मी सांगून ठेवलं होतं, डबा झोपला तर फक्त बटण दाबायचं. हाताशी आहे, स्टुलावर आहे. "बटण दाबायला काय होतंय तुम्हाला?" मी ओरडले. "एवढं एक बटण! मी तिकडे जीव मुठीत धरून काम करते आणि तुम्हाला एक बटण दाबवत नाही?"

त्यांनी खिडकीकडे मान फिरवली. समोरचं शिलाई मशीन थांबलं, म्हणजे काकूंनीही ऐकलं.

धाकटा सुरू करून दिला तरी बाबांनी टाइप केलं नाही. जेवताना मी भरवायला गेले तेव्हा मात्र निमूटपणे तोंड उघडलं. हल्ली भरवून घेतात. पूर्वी चमचा हिसकावून घ्यायचे. रागावले असले तरी जेवण टाळत नाहीत, हे बरं आहे.

माझी भीती अशी ओरडूनच बाहेर का पडते, कळत नाही.

२३ मार्च, रविवार

सापडलं! डब्याचा गुन्हा नव्हता. गुन्हा माझा होता.

आज सुट्टी. वीज गेल्यावर डबा जोडला आणि ताटासमोर मांडी घालून बसले. बाबा गप्प. थोड्या वेळात धाकट्याचा पडदा विझला, मीच तशी सोय केलेली. आणि त्यानंतर थोड्याच वेळात, माझ्या डोळ्यांसमोर, डब्याचे दिवेही गेले. पुन्हा जोडलं, पुन्हा तेच. मग मी धाकट्यावर आगाराची एक जुनी ऑडिओ फाइल लावली. डबा जागा राहिला. बंद केली, डबा झोपला.

म्हणजे असं आहे की धाकटा वीज मागेनासा झाला की डब्याला वाटतं, इथे कुणाला आपली गरज नाही. तो मिटून घेतो. मग धाकटा आपल्या म्हाताऱ्या बॅटरीवर झोपेतच संपतो. त्या दुकानात गाणी चालू होती, म्हणून तिथे चालला. आमच्याकडे मी सगळ्यांना गप्प बसवलं होतं.

बॅटरी वाचावी म्हणून बाबांना गप्प केलं आणि ते गप्प राहिले म्हणून बॅटरी बंद पडली. याला काय म्हणावं? मी धाकट्याची झोप काढून टाकली, उजेड वाढवला आणि बाबांच्या पायाशी बसले. "बाबा, आता बोला. हवं तेवढं बोला. ती गाडी एकटी निघाली होती, तो किस्सा सांगा."

बराच वेळ गेला. मग धाकटा म्हणाला, ‘नको.’

"का?"

‘बॅटरी.’

अजून रागावलेत माझ्यावर. स्वाभाविक आहे.

२४ मार्च, सोमवार

कारण कळलंय, उपाय केलाय, डबा दिवसभर जागा होता. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "दिवे चालू होते गं. पण आवाज नाही आला." मग मला अजून भीती का वाटते? आधीपेक्षा जास्त वाटते. आधी निदान कशाची ते माहीत होतं.

२७ मार्च, गुरुवार

आज घडलं ते जसंच्या तसं लिहिते. हात स्थिर आहे. आश्चर्य आहे.

दिवेलागणीच्या सुमाराला वीज गेली. मी घरीच होते. टॉर्च खुंटीला टांगला, डबा जोडला. चारही दिवे ठसठशीत, धाकटा टक्क जागा. मी ताटाशेजारी बसून दिव्यांकडे बघत राहिले. सगळं जसं हवं तसं होतं आणि खोलीत चिडीचूप.

"बाबा, बोला ना काहीतरी," मी म्हटलं. "भरलेला आहे डबा." दिव्यांवरची नजर काढली नाही. "अजून किती दिवस अबोला धरणार?"

घंटा वाजली.

मी हातभर अंतरावर बसलेले असताना बाबांनी घंटा वाजवली होती. डाव्या मनगटाने नुसती ढकलली होती, ती फरशीवर पडून घरंगळत गेली. मी वर बघितलं. किती दिवसांनी मी दिव्यांऐवजी त्यांच्याकडे बघत होते!

उजवा हात कळांवर पडलेला होता. ठेवलेला नव्हे, पडलेला. एक बोट क वर होतं आणि ते उचलता येत नव्हतं. पडद्यावर ओळीच्या ओळी नुसता क. तेवढ्यात धाकटा ते वाचायला लागला आणि त्याचं नुसतं क क क सुरू झालं. बाबा हाताकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग पुन्हा हाताकडे. तोंड किंचित उघडं. बाबांना एवढं घाबरलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

त्यांचे हात बघत जा. डॉक्टर एवढंच म्हणाले होते. टिचबटणं, पेन, चमचा, घंटा, ते कडक बटण. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी डब्याकडे बघत होते.

त्यांच्या मनगटाखाली माझा तळवा घातला आणि हात अलगद वर धरला. भिंग चाकाला लावताना असंच धरायचं असतं. भार आपण घ्यायचा, पण दिशा द्यायची नाही. बोट क वरून सुटलं. क थांबला. थोडा वेळ बोट हवेत तसंच राहिलं. मग खाली आलं, एकेक अक्षर शोधत.

‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे,’ धाकटा म्हणाला.

मी हसले आणि तिथेच रडूही फुटलं. पण हात हलू दिला नाही.

"कधीपासून, बाबा?"

‘डब्याच्या आधीपासून.’

"मग सांगितलं का नाहीत?"

‘घाबरली असतीस. तू म्हणालीस कमी बोला. बरं निमित्त झालं.’

"आणि मी बटणावरून ओरडले तुमच्यावर."

‘आवाज चांगला आहे तुझा. आगारात लागली असतीस.’

समोरचं मशीन थांबलेलं होतं. काकू दारापर्यंत आल्या, माझ्या हातातला बाबांचा हात बघितला आणि डोळ्यांना पदर लावून परत गेल्या. त्यांना माहीत होतं. बाबांनी त्यांना शपथ घातली असणार.

उद्या डॉक्टरांकडे जायचं ठरवलं. डोळ्यांनी अक्षरं निवडायचं यंत्र असतं म्हणतात, त्याची चौकशी करायची. बाबांनी विचारलं, ‘त्यालापण डबा लागेल का.’ म्हटलं, लागेल. मग ते तो किस्सा सांगायला लागले, चालक खाली आणि गाडी एकटीच निघालीय तो. अक्षर अक्षर करून. मी दिव्यांकडे बघितलं नाही, अगदी शपथेवर. माझा दंड भरून आला, खांदा दुखायला लागला, तरी गाडी आगाराच्या फाटकापर्यंतसुद्धा पोचली नव्हती. किस्सा इतका मोठा आहे हे मला शंभरदा ऐकूनही माहीत नव्हतं.

गाडी फाटकाबाहेर पडली आणि धाकटा गेला. वाक्याच्या मधोमध, त्या दिवशीसारखाच. डबा पार रिकामा झाला होता. पहिल्यांदाच शेवटपर्यंत वापरला गेला. टॉर्च तेवढा जळत होता.

माझी मान डब्याकडे वळणार होती. पण तळव्यावरचा हात थांबला नाही. विझलेल्या पडद्यासमोर बाबांचं बोट कळा शोधतच होतं. अक्षरं मीच चिकटवलेली आहेत, मला दिसत होती. भ, मग या, मग य. मी एकेक जुळवत गेले आणि शब्द पुरा झाल्यावर धाकट्याच्या जागी मीच तो मोठ्याने म्हटला.

"भ्यायलीस?"

आणि मग मीच उत्तर दिलं, "हो, बाबा. खूप."

बोट पुन्हा हललं. या वेळी अक्षरं थोडीच होती. तीही मी मोठ्याने वाचली.

"मी पण."